सेकंदात मांडलेलं ध्येय : अविनाश साबळेच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१९८१ साली गोपाल सैनी यांनी ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांत पूर्ण केली आणि राष्ट्रीय विक्रम केला. पुढची ३७ वर्षं हा विक्रम जागचा हलला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा एक फौजी ८:२९.८० मध्ये धावला आणि तो मोडला. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्याच फौजीने स्वतःचा विक्रम आणखी नऊ वेळा मोडला. जुलै २०२४ मध्ये, पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये (अव्वल धावपटूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिका), आकडा होता ८:०९.९१. म्हणजे भुवनेश्वरचा अविनाश साबळे आणि पॅरिसचा अविनाश साबळे एकाच शर्यतीत उतरले असते, तर पॅरिसवाला रेषा ओलांडताना भुवनेश्वरवाला एकशेपंधरा-वीस मीटर मागे असता.

अविनाशवर जे काही लिहिलं जातं, त्यात बहुतेक वेळा वीटभट्टी येते, पायी शाळा येते आणि शेवटी 'जिद्द' येते. ती गोष्ट खोटी नाही. पण तिच्यावरून ध्येय कसं ठरवावं हे कळत नाही. त्या पट्ट्यात वीटभट्टीवर वाढलेली, पायी शाळेला गेलेली, जिद्दी पोरं ढिगाने आहेत. मला या प्रकरणात दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं : या माणसाची वाटचाल पदकांच्या नव्हे, तर सेकंदांच्या पायऱ्यांनी झाली, आणि त्या पायऱ्या चढताना कोणाचं ऐकायचं हे त्याने स्वतः ठरवलं. हे किती कामी आलं आणि कुठे अपुरं पडलं, दोन्ही पाहण्यासारखं आहे.

आधी नोकरी

मांडवा आष्टी तालुक्यात येतं. जिल्हा बीड, पण बाजारहाट, दवाखाना म्हटलं की इकडच्या लोकांना नगर जवळचं. पाऊस बेभरवशाचा, शेती जिरायती, दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या. अविनाशचे आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा सहा किलोमीटरवर आणि गाडीची सोय नाही. बारावी झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, ५ महार बटालियनमध्ये. सियाचीन, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या.

इथपर्यंत ऑलिंपिकचा पत्ता नाही. ध्येय होतं नोकरीचं, घराला हातभार लावायचं. 'लहानपणीच मोठं स्वप्न पाहा' असं सांगणाऱ्यांना हे प्रकरण जरा अडचणीचं आहे, कारण खेळ म्हणून धावायला त्याने सुरुवात केली ती २०१५ मध्ये, विशी उलटल्यावर. सैन्याच्या क्रॉस कंट्री संघापासून सुरुवात झाली. मध्ये वजन वाढलं, ते तीन महिन्यांत सुमारे २० किलोंनी उतरवलं. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी हा पोरगा स्टीपलचेसचा आहे हे हेरलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून तो २०१७ च्या सुमारास या प्रकाराकडे वळला.

पण सेकंदांची भाषा मात्र त्या भागाला परकी नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, तिकडे पाथर्डी, पहाटे कुठल्याही डांबरी रस्त्यावर पोरं पळताना दिसतील. ती आरोग्यासाठी पळत नाहीत, भरतीसाठी पळतात. पोलीस शिपाई भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं की २० पैकी २० गुण, त्यानंतर जसजशी वेळ वाढेल तसे गुण कमी. शेजारचा किती पळाला याच्याशी त्या गुणांचा संबंध नाही. घड्याळ आणि तू, मध्ये कोणी नाही. निवड यादी लागताना स्पर्धा असते, मैदानावर नसते. ध्येय मांडायची ही पद्धत त्या पोरांच्या अंगात आपोआप मुरते.

हा खेळ नेमका काय आहे

स्टीपलचेसमध्ये ३००० मीटरच्या अंतरात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी असते. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि जड लाकडाचा. साध्या हर्डलसारखा तो लाथ बसली की पडत नाही, माणूस पडतो. पाण्याच्या खड्ड्याची लांबी ३.६६ मीटर. अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जाणारा, त्यामुळे जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. बहुतेक धावपटू पाण्याआधीच्या अडथळ्यावर एक पाय टेकवून पुढे झेपावतात आणि एका पायावर उतरतात.

या खेळावर केनियाचं राज्य होतं. १९६८ ते २०१६ या काळात केनिया ज्या ज्या ऑलिंपिकला गेली, त्या प्रत्येक वेळी पुरुषांचं सुवर्ण त्यांनीच नेलं. राष्ट्रकुल स्पर्धेत तर १९९८ पासून सलग सहा वेळा तिन्ही पदकं केनियाची. अशा खेळात भारतीय धावपटूने 'मी पदक आणणार' असं ध्येय ठेवलं तर लोक टाळ्या वाजवतील, पण उद्या सकाळी मैदानावर नेमकं काय करायचं हे त्यातून कळणार नाही. साडेसात फेऱ्यांपैकी प्रत्येक फेरी ६८ सेकंदांऐवजी ६७ ची काढायची, हे मात्र कळतं. ८:२९.८० म्हणजे सरासरी फेरी ६८ सेकंदांची आणि ८:०९.९१ म्हणजे साधारण ६५.३ ची. सहा वर्षांचं सगळं काम फेरीमागे साधारण २.६५ सेकंदांचं आहे. ऐकायला किरकोळ वाटतं.

२०१८ चा निर्णय

या प्रकरणाचा गाभा मला २०१८ मध्ये दिसतो. त्या वर्षी घोट्याच्या दुखापतीमुळे जकार्ताचे आशियाई खेळ हुकले. राष्ट्रीय शिबिरात तेव्हा बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह प्रशिक्षक होते. त्यांचा दरारा मोठा आणि सरावही तसाच कडक. अविनाशला ती पद्धत मानवेना. त्याने शिबिर सोडलं आणि तो परत अमरीश कुमार यांच्याकडे गेला.

बाहेरून पाहणाऱ्याला हे कसं दिसतं? पोराला झेपलं नाही, पळ काढला. आणि स्नेसारेव्ह यांची पद्धत टाकाऊ होती असंही म्हणता येत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर त्यांच्याच हाताखाली तयार झाली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत दहावी आली. खेळ तोच, दुष्काळी पट्टाही तसाच, प्रशिक्षक तोच. एकीला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला लागू पडलं नाही, एवढंच.

जबाबदारी घेणं म्हणजे निमूटपणे सांगितलेलं करणं, असा आपल्याकडे समज आहे. शाळेत, क्लासमध्ये, कंपनीत 'जबाबदार' हा शब्द बहुधा 'ऐकणारा' याच अर्थाने वापरतात. अविनाशने मोठ्या नावाची सावली सोडली तेव्हा त्याने स्वतःची एक पळवाटही बंद केली. शिबिरात राहून अपयश आलं असतं तर 'कोचने सांगितलं तसं केलं' हे वाक्य हाताशी होतं. बाहेर पडल्यावर ते उरलं नाही. दुखापतीतून उठलेला, आशियाई खेळ हुकलेला, शिबिर सोडलेला धावपटू : आता वेळ आली नाही तर बोट दुसऱ्या कोणाकडे दाखवणार?

वेळ आली. त्याच वर्षी भुवनेश्वरला सैनींचा विक्रम गेला. पण विक्रम झाला म्हणून निर्णय शहाणपणाचा ठरवायचा आणि झाला नसता तर हेकेखोरपणाचा, हे मला पटत नाही. निर्णय घेतानाची माहिती पाहायला हवी. स्वतःचं शरीर कुठल्या सरावाला दाद देतं आणि कुठल्या सरावात मोडतं, हे त्याला त्या वेळी कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं. शिवाय तो सराव सोडून गेला नाही. ज्याने त्याला स्टीपलचेसला आणलं, त्याच्याकडे गेला. हा फरक महत्त्वाचा आहे. 'मला सूट होत नाही' म्हणून दर सहा महिन्यांनी क्लास बदलणारा विद्यार्थी आणि हा निर्णय, दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

एका फुटाचं अंतर

२०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेसाठी पात्रता वेळ होती ८:२९.००. मार्चमध्ये पटियालाच्या फेडरेशन कपमध्ये अविनाशने ८:२८.९४ नोंदवले. सहा शतांश सेकंद. त्या वेगाने धावणारा माणूस तेवढ्या वेळात साधारण एक फूट पुढे सरकतो. ३००० मीटर, ३५ उड्या आणि एका फुटाने जागतिक स्पर्धेचं दार उघडलं. १९९१ च्या दीना राम यांच्यानंतर या प्रकारात जागतिक स्पर्धेला पात्र ठरलेला तो पहिला भारतीय पुरुष.

दोह्यात प्राथमिक फेरीत इथिओपियाच्या एका धावपटूमुळे त्याला दोनदा अडथळा झाला. तरीही वेळ आली ८:२५.२३, नवा राष्ट्रीय विक्रम, पण अंतिम फेरीचं स्थान हुकलं. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं गेलं. 'स्वतःची जबाबदारी स्वतः घ्या' या उपदेशात ही बाजू नेहमी राहून जाते. झालेला अन्याय निमूट गिळणं ही काही जबाबदारी नव्हे. नियमाने दाद मागता येते तिथे ती मागायचीच असते, आणि मागणारी संस्था पाठीशी असावी लागते.

मिळालेल्या त्या संधीचं त्याने काय केलं? अंतिम फेरीत तो तेरावा आला. वर्तमानपत्राच्या मथळ्यासाठी तेरावा म्हणजे काही नाही. पण वेळ होती ८:२१.३७ आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता होती ८:२२.००. भारताच्या पुरुष स्टीपलचेस धावपटूने याआधी ऑलिंपिक गाठलं होतं ते १९५२ मध्ये, गुलझारा सिंग मान यांनी. तेरावा क्रमांक आणि ऑलिंपिकचं तिकीट एकाच शर्यतीत मिळाले. ध्येय पदकाचं असतं तर हा दिवस पराभवाचा म्हणून नोंदला गेला असता. टोकियोतही तेच झालं : ८:१८.१२, पुन्हा विक्रम, आणि प्राथमिक फेरीतच बाहेर.

घड्याळाने दगा दिला तेव्हा

आता दुसरी बाजू. जून २०२२ मध्ये रबातच्या डायमंड लीगमध्ये अविनाश ८:१२.४८ मध्ये धावला. दीड महिन्याने ओरेगॉनच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत होता. शर्यत विलक्षण संथ सुरू झाली, कोणीच पुढे जायला तयार नाही. सगळ्यांनी शेवटच्या फेरीसाठी पाय राखून ठेवले. मोरोक्कोचा सूफियान एल बक्काली ८:२५.१३ मध्ये जिंकला. अविनाश अकरावा, वेळ ८:३१.७५. म्हणजे १९८१ च्या सैनींच्या विक्रमापेक्षाही संथ! आणि हे ८:१२ ची ताकद पायात असताना.

सेकंदांवर बेतलेल्या ध्येयाची मर्यादा इथे उघडी पडते. घड्याळ सरासरी मोजतं. मोठ्या स्पर्धेत शर्यत सरासरीवर ठरत नाही, शेवटच्या ४०० मीटरवर ठरते. समोरचे दहा-पंधरा जण काय करतील यावर तुमचा ताबा नसतो, पण ते काहीही करोत, त्याला उत्तर तयार ठेवणं हे मात्र तुमचंच काम. 'माझ्या हातात होतं ते मी केलं' ही सबब इथे चालत नाही, कारण वेग बदलायला शिकणंही हातातलंच होतं.

तीन आठवड्यांतच बर्मिंगहॅमचे राष्ट्रकुल खेळ होते. केनियाचे तिघे पुढे, त्यांत २०१६ चा ऑलिंपिक विजेता कॉन्सेस्लस किप्रुटो. या वेळी शर्यत वेगवान झाली आणि अविनाश त्यांच्या मागून हलला नाही. शेवटच्या टप्प्यात एकेकाला मागे टाकत तो अब्राहम किबिवोटच्या अगदी लगटून रेषेवर आला. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंदांनी सुवर्ण गेलं. तिसरा आमोस सेरेम पाच सेकंदांहून मागे होता. १९९४ नंतर राष्ट्रकुलच्या या प्रकारात केनियाबाहेरच्या कोणाला मिळालेलं हे पहिलं पदक.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान गोल झाली असती : ओरेगॉनला शिकला, बर्मिंगहॅमला पदक घेतलं. पण वर्षभराने बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत काय झालं पाहा. महिन्याआधी पोलंडमध्ये ८:११.६३ धावलेला अविनाश प्राथमिक फेरीत ८:२२.२४ मध्ये सातवा आला. त्या वर्षी नियम बदलला होता : प्रत्येक गटातले पहिले पाच जण पुढे, वेळेच्या जोरावर कोणालाच प्रवेश नाही. घड्याळाचा आधार नियमानेच काढून घेतला होता. जागतिक पदकाची आशा घेऊन गेलेला धावपटू पहिल्याच फेरीत परतला.

धडा एकदा शिकला की कायमचा शिकला, असं खेळात होत नाही. इतरत्रही कितपत होतं कोण जाणे.

त्यानंतरची शर्यत मला सगळ्यात बोलकी वाटते. १ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊचे आशियाई खेळ. अविनाश सुरुवातीपासूनच पुढे निघाला आणि पुढेच राहिला. बाकीचे डावपेच लढवायला जवळ पोहोचलेच नाहीत. ८:१९.५० या स्पर्धेच्या विक्रमासह सुवर्ण मिळालं, आणि या प्रकारात भारतीय पुरुषाचं आशियाई खेळांतलं हे पहिलंच सुवर्ण. त्याने डावपेचांचा प्रश्न सोडवला नाही, तो उद्भवूच दिला नाही. हे आशियात जमतं. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला तो अंतिम फेरीत पोहोचला, या प्रकारात असं करणारा पहिला भारतीय पुरुष, आणि तिथे ८:१४.१८ मध्ये अकरावा आला. तेव्हा एल बक्कालीला सुवर्णासाठी ८:०६.०५ लागले होते. एल बक्कालीसारख्या जगातल्या अव्वल तिघा-चौघांसमोर पहिल्यापासून पुढे पळून भागत नाही.

'स्वबळावर' या शब्दाबद्दल

अविनाशचं यश स्वबळावरचं, असं म्हणायची पद्धत आहे. मी हा शब्द जपून वापरेन. सैन्याचा पगार आणि खुराक नसता तर २०१५ मध्ये वजन उतरवायला आणि नवा खेळ शिकायला सवड कोणी दिली असती? स्टीपलचेस हा खेळ त्याने निवडला नाही, अमरीश कुमार यांनी सुचवला. दोह्याच्या अंतिम फेरीचं दार महासंघाच्या अर्जाने उघडलं. २०२२ पासून अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव झाला, तो सरकारी पाठबळामुळे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या तेवढ्याच वेगवान पोराला यातलं काहीच मिळालं नाही, तर तो १६०० मीटरचे २० गुण घेईल आणि शिपाई होईल. त्यात त्याची जिद्द कमी पडली असं म्हणणं हा निव्वळ अन्याय ठरेल.

मग त्याची स्वतःची जबाबदारी कुठे उरते? मिळालेल्या आधाराचा हिशेब देण्यात. सैन्याने सवड दिली, तिचं उत्तर ८:२९.८०. महासंघाने दार उघडून दिलं, त्याचं उत्तर ८:२१.३७. यांतलं एकही उत्तर भाषणातलं नाही. म्हणून मला वाटतं, ध्येय ठरवताना 'मला काय व्हायचंय' याच्या आधी 'माझा हिशेब कशात मोजला जाईल' हे लिहून काढावं. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला, नवं दुकान टाकणाऱ्याला, यूपीएससीच्या तिसऱ्या प्रयत्नात अडकलेल्याला हे एकक वेगवेगळं सापडेल आणि सहज सापडणारही नाही. पण 'यशस्वी व्हायचंय' हे एकक नव्हे, आणि 'पहिला यायचंय' हे दुसऱ्यांच्या हातातलं एकक आहे. त्याची वेळ येते, ओरेगॉनला आली तशी, पण सुरुवात तिथून करता येत नाही.

मोनॅको आणि पुढे

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी इथे अविनाशने आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण घेतलं, ८:२०.९२ मध्ये. जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीपाशी तो पडला. गुडघ्यातला एसीएल हा स्नायुबंध आणि मेनिस्कस ही कूर्चेची गादी, दोन्ही दुखावले, मोसम संपला आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा गेली.

तिशी ओलांडलेल्या स्टीपलचेस धावपटूसाठी ही दुखापत साधी नाही. अशा गुडघ्यावरून मैदानात परतायला नऊ महिने ते वर्ष सहज जातं, आणि त्या काळात सेकंद मोजून काही उपयोग नसतो. तिथे मोजायचं असतं ते गुडघा किती अंश वाकतो, दुखऱ्या पायाच्या मांडीचं बळ दुसऱ्या पायाच्या किती टक्के भरलं, सूज दुसऱ्या दिवशी किती उतरली. फिजिओच्या वहीत हे आकडे रोज चढतात. सरळ रेषेत पळणं आधी परत येतं, वळणावरचं नंतर, अडथळे त्यानंतर. भरधाव वेगात एका पायावर उतरायची पाण्याची उडी सगळ्यांत शेवटी.